रक्तातले बारीक फरक शोधणारा डॉक्टर

१४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. आपल्या बीड जिल्ह्यात हा दिवस नेमका टंचाईच्या काळात येतो. महाविद्यालये बंद असतात, शेतकरी पेरणीच्या मागे असतो आणि रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये पिशव्या कमी झालेल्या असतात. तरीही गावोगावी शिबिरे होतात, बॅनर लागतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. पण हीच तारीख का, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १४ जून हा डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा जन्मदिवस. रक्ताचे गट असतात हे जगाला दाखवून दिले ते यांनी.

त्यांची ओळख एवढ्यावरच थांबवली जाते. शाळेच्या पुस्तकात ए, बी, एबी आणि ओ असे चार गट येतात, खाली लँडस्टायनर हे नाव येते आणि धडा संपतो. खरे तर या माणसाने पुढची चाळीस वर्षे त्या चार गटांच्या पलीकडे काय आहे हे शोधण्यात घालवली. ते पुढचे काम आपल्यासाठी किती महत्त्वाचे आहे, हे मला एका रुग्णामुळे नीट कळले. आधी ती हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात ऊसतोड करणारी एक बाई दाखल झाली. वय तिशीच्या आत, चार बाळंतपणे झालेली. शेवटच्या बाळंतपणात, कारखान्याकडच्या भागात असताना, तिला रक्ताची एक पिशवी लागली होती. आमच्याकडे आली तेव्हा हिमोग्लोबिन पाचच्या आसपास होते आणि दोन पावले चालली तरी धाप लागत होती. गट निघाला बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीत बी पॉझिटिव्हच्या पिशव्या होत्या. पण क्रॉसमॅच केले, तर एकामागून एक पिशवी नाकारली जाऊ लागली. तिचा भाऊ चिडला. पिशवीवर बी पॉझिटिव्ह लिहिलेले आहे, बहिणीचा गटही तोच आहे, मग रक्त लावायला अडचण काय, असा त्याचा सवाल होता. त्याचा सवाल चुकीचा नव्हता. त्याचे उत्तर लँडस्टायनर यांच्या आयुष्यात सापडते.

कार्ल लँडस्टायनर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियातील व्हिएन्नाजवळच्या बाडेन या गावी झाला. वडील लिओपोल्ड हे नावाजलेले पत्रकार आणि वृत्तपत्राचे संपादक होते. कार्ल सहा वर्षांचे असताना वडील वारले आणि आई फॅनी यांनी या एकुलत्या एका मुलाला वाढवले. आईवर त्यांचा फार जीव होता. ती गेल्यावर तिच्या चेहऱ्याचा साचा त्यांनी आयुष्यभर आपल्या खोलीच्या भिंतीवर जपून ठेवला.

व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ साली ते डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच आहाराचा रक्तातील क्षारांवर काय परिणाम होतो यावर त्यांचा लेख प्रसिद्ध झाला होता. डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटायचे सोडून ते रसायनशास्त्र शिकायला गेले. वुर्झबर्ग, झुरिच आणि म्युनिक येथे, एमिल फिशर यांच्यासारख्या मोठ्या रसायनतज्ज्ञांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे काढली. शरीरात जे घडते ते शेवटी पदार्थांमधले रासायनिक नाते आहे, ही दृष्टी त्यांना तिथे मिळाली आणि ती कधी सुटली नाही.

परत आल्यावर व्हिएन्नात त्यांना शवविच्छेदन विभागात नोकरी मिळाली. दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदने केली. दिवसभर हे काम आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा दिनक्रम होता. याच काळात त्यांनी रक्ताचा तो प्रयोग केला.

त्या काळची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. माणसाला रक्त देण्याचे प्रयत्न सतराव्या शतकापासून होत होते. आधी कोकराचे रक्त देऊन पाहिले गेले, पुढे माणसाचे. कधी रुग्ण वाचायचा, तर कधी रक्त आत जाताच थंडी वाजून, कंबर दुखून, लाल-काळी लघवी होऊन मरायचा. असे का होते, हे कोणी सांगू शकत नव्हते. दोन माणसांचे रक्त एकत्र केले तर कधीकधी लाल पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात, हे काही डॉक्टरांनी पाहिले होते. पण तो कुठल्यातरी आजाराचा परिणाम असावा, असा समज होता.

लँडस्टायनर यांनी १९०० साली एका लेखाच्या तळटीपेत ही गोष्ट नोंदवली आणि एक प्रश्न उपस्थित केला. हा फरक आजारामुळे पडतो, की माणसामाणसांत तो मुळातच असतो? उत्तर शोधायचे तर धडधाकट माणसांचे रक्त तपासायला हवे. त्यांनी सुरुवात स्वतःपासून केली. स्वतःचे आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे रक्त काढले. प्रत्येकाच्या रक्तातील पेशी आणि वरचे पाण्यासारखे द्रव, म्हणजे सीरम, वेगळे केले. मग प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या सीरमबरोबर मिसळून पाहिल्या आणि कुठे गोळे होतात, कुठे होत नाहीत याचा तक्ता केला. अशी एकूण २२ निरोगी माणसे त्यांनी तपासली.

तक्त्यात एक शिस्त दिसली. माणसांचे तीन गट पडत होते. एका गटाच्या पेशींवर एक खूण होती, दुसऱ्या गटाच्या पेशींवर दुसरी आणि तिसऱ्या गटाच्या पेशींवर दोन्ही नव्हत्या. या खुणेलाच आपण अँटिजेन म्हणतो. ज्याच्या पेशींवर जी खूण नाही, त्याच्या सीरममध्ये त्या खुणेविरुद्धची अँटिबॉडी होती. ज्याच्याकडे ए नाही त्याच्याकडे ए-विरोधी, ज्याच्याकडे बी नाही त्याच्याकडे बी-विरोधी. हा नियम आजही लँडस्टायनर यांच्याच नावाने शिकवला जातो. तीन गटांना त्यांनी ए, बी आणि सी अशी नावे दिली. त्यांचा स्वतःचा गट सी होता, ज्याला पुढे ओ हे नाव मिळाले. दोन्ही खुणा असलेला एबी हा चौथा गट १९०२ साली त्यांच्याच सहकाऱ्यांना, डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांना, सापडला.

हा लेख १९०१ साली प्रसिद्ध झाला. रक्त देताना होणाऱ्या अपघातांचे कारण यात असू शकते, असे त्यांनी शेवटी थोडक्यात लिहिले. पण जग लगेच जागे झाले नाही. न्यूयॉर्कमध्ये रूबेन ओटेनबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास रक्त देण्याआधी ते जुळवून पाहायला सुरुवात केली. रक्त गोठू न देता साठवण्याची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात हाती आली आणि मग रक्तगटाचे मोल सर्वांना कळले. त्याच युद्धात ग्रीसमधील सलोनिका येथे हिर्झफेल्ड दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासले. त्यांत भारतीय सैनिकही होते आणि बी गटाचे प्रमाण त्यांच्यात सर्वाधिक निघाले. आपल्या रक्तपेढीच्या रजिस्टरवर आजही बी आणि ओ यांचीच रांग दिसते, ती काही आजची गोष्ट नाही.

लँडस्टायनर मात्र रक्ताचा हा विषय संपला असे समजून थांबले नाहीत, आणि एकाच विषयाला चिकटूनही राहिले नाहीत. १९०८ साली एर्विन पॉपर यांच्यासोबत, पोलिओने दगावलेल्या मुलाच्या मज्जारज्जूतील अंश माकडांना टोचून त्यांनी तो आजार माकडांत निर्माण केला. पोलिओ हा विषाणूचा आजार आहे हे समजण्याची वाट तिथून सुरू झाली. पोलिओचे दोन थेंब देताना आपल्याला हे नाव आठवत नाही, पण त्या कामातही त्यांचा वाटा आहे.

महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रिया कंगाल झाला होता. व्हिएन्नात अन्न नव्हते, जळण नव्हते, प्रयोगशाळेला पैसा नव्हता. १९१६ साली त्यांचे हेलेन व्लास्टो यांच्याशी लग्न झाले होते आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला होता. पन्नाशी ओलांडलेला, युरोपभर नाव झालेला हा शास्त्रज्ञ १९१९ साली बायको-मुलाला घेऊन हॉलंडमधील हेग शहरात गेला आणि तिथल्या एका लहान रुग्णालयात रुग्णांच्या रक्त-लघवीच्या रोजच्या तपासण्या करू लागला. सरकारी रुग्णालयात काम केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या छोट्या खोलीतही त्यांनी संशोधन चालू ठेवले आणि निबंध लिहिले.

काही वर्षांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे बोलावणे आले आणि ते कुटुंबासह अमेरिकेत गेले. तिथे त्यांच्या कामाचे दोन धागे होते. पहिला धागा रसायनशास्त्राचा. लहान रासायनिक पदार्थ प्रथिनांना जोडून ते प्राण्यांना टोचायचे आणि तयार झालेल्या अँटिबॉडीज किती चोखंदळ असतात ते तपासायचे. पदार्थाच्या रचनेत अगदी एखादा बारीक बदल केला, तरी अँटिबॉडीला तो कळतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवले. शरीराची संरक्षणव्यवस्था इतके बारीक फरक ओळखत असेल, तर माणसांच्या रक्तात चार गटांपेक्षा जास्त फरक असलेच पाहिजेत, ही त्यांची धारणा होती. दुसरा धागा त्या फरकांच्या शोधाचा.

पण शोधायचे कसे? ए आणि बी सापडले, कारण त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज आपल्या रक्तात जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप तयार होतात. इतर खुणांविरुद्ध त्या सहसा तयार नसतात. दोन माणसांचे रक्त नुसते मिसळून त्या कळत नाहीत. म्हणून त्यांनी आणि त्यांचे तरुण सहकारी फिलिप लेव्हिन यांनी सशांना माणसाच्या लाल पेशी टोचल्या. सशाच्या रक्तात माणसाच्या पेशींविरुद्ध अनेक अँटिबॉडीज तयार झाल्या. मग सर्व माणसांत सारख्या असणाऱ्या खुणांविरुद्धच्या अँटिबॉडीज त्यांनी काढून टाकल्या. जे उरले ते काही माणसांच्या पेशींशी चिकटत होते, काहींच्या नाही. अशा रीतीने १९२७ साली एम, एन आणि पी हे नवे अँटिजेन सापडले. एकाच ए गटाच्या दोन माणसांत एकजण एम, तर दुसरा एन असू शकतो, हे पहिल्यांदा दिसले. आज ज्यांना आपण मायनर, म्हणजे किरकोळ अँटिजेन म्हणतो, त्यांचा शोध इथून सुरू होतो.

किरकोळ हा शब्द फसवा आहे. पहिल्यांदा रक्त घेणाऱ्या बहुतेक रुग्णांना या खुणांनी काही होत नाही, म्हणून तो वापरला जातो. ज्याला होते, त्याच्यासाठी ते किरकोळ नसते.

१९३० साली लँडस्टायनर यांना रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ते सोहळ्यात रमणारे गृहस्थ नव्हते. उंच, अबोल, थोडे उदास स्वभावाचे, प्रसिद्धीपासून चार हात दूर राहणारे. पियानो मात्र सुरेख वाजवायचे. नोबेलच्या व्याख्यानासाठी त्यांनी विषय निवडला तो माणसामाणसांच्या रक्तातील वैयक्तिक फरकांचा. बक्षीस चार गटांसाठी मिळाले, तरी त्यांचे लक्ष पुढच्या फरकांवर होते.

१९३९ साली ते संस्थेतून निवृत्त झाले, पण प्रयोगशाळेत येणे थांबले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी एका बाईची हकिकत प्रसिद्ध केली. तिला मृत बाळ झाले होते आणि रक्तस्राव होत होता. नवऱ्याचा गट जुळत होता, म्हणून त्याचे रक्त दिले, तर तिला गंभीर प्रतिक्रिया आली. तिचे सीरम गट जुळणाऱ्या १०४ जणांच्या रक्तावर तपासले, तेव्हा ८० जणांच्या पेशींचे गोळे झाले. बाळाने वडिलांकडून घेतलेली कुठलीशी खूण आईकडे नव्हती. बाळाच्या पेशी आईच्या रक्तात शिरल्या, आईने तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली आणि मग नवऱ्याचे रक्त तिला चालेना.

पुढच्या वर्षी, १९४० साली, लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी रीसस जातीच्या लालतोंड्या माकडाच्या पेशी सशांना टोचून मिळवलेले सीरम न्यूयॉर्कच्या लोकांच्या रक्तावर वापरून पाहिले. शंभरात सुमारे ८५ जणांच्या पेशींचे गोळे झाले. रीससवरून या खुणेला आरएच नाव पडले. आज आपण पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह म्हणतो ते हेच. पुढे असे कळले की सशाच्या सीरमने ओळखलेली खूण आणि त्या बाईच्या सीरमने ओळखलेली खूण या शेजारच्या, पण वेगळ्या आहेत. आरएच हे नाव माणसांतल्या खुणेला चिकटून राहिले होते. म्हणून सशाच्या सीरममधील खुणेला लँडस्टायनर आणि वीनर यांच्या आद्याक्षरांवरून एलडब्ल्यू असे नाव मिळाले. मायनर अँटिजेनच्या यादीत आज त्यांचे स्वतःचे अक्षरही आहे.

शेवटच्या काळात पत्नी हेलेन यांना थायरॉइडचा कर्करोग झाला आणि पंचाहत्तरीचे लँडस्टायनर त्या आजारावरही काम करू लागले. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करताना, हातात पिपेट असतानाच, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला ते गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हेलेनही गेल्या.

त्यांनी दाखवलेल्या वाटेवर पुढे गर्दी झाली. १९४५ साली इंग्लंडमध्ये कूम्ब्स, मुरांट आणि रेस यांनी पेशींना चिकटलेल्या, पण गोळे न करणाऱ्या अँटिबॉडीज पकडण्याची चाचणी शोधली. कूम्ब्स टेस्ट हे नाव आपल्याकडे गरोदर बायांच्या कागदांवरही दिसते. या चाचणीमुळे केल, डफी, किड असे एकेक अँटिजेन सापडत गेले. ही नावे बहुतेक ज्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडले त्यांच्या आडनावांवरून आली. आज ४५ हून अधिक रक्तगट प्रणाली आणि त्यांत ३५० हून अधिक अँटिजेन ज्ञात आहेत.

या यादीत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. १९५२ साली मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या तज्ज्ञांसह लॅन्सेट या नियतकालिकात एक नवा प्रकार कळवला. हे रक्त नेहमीच्या तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो एच नावाचा पायाच या लोकांत नव्हता. आणि लँडस्टायनर यांच्या नियमाप्रमाणे, जे नाही त्याविरुद्धची अँटिबॉडी त्यांच्या सीरममध्ये होती. नियम सांगणारा माणूस नऊ वर्षांपूर्वी गेला होता, पण त्याचा नियम परळमध्ये खरा ठरला. या गटाला जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. हा गट मूल व्हायला आई आणि वडील दोघांकडून तोच दोष यावा लागतो. म्हणून नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त आढळतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या आपल्या भागाने हे ध्यानात ठेवावे. एका भावंडाचा गट बॉम्बे निघाला, तर बाकीच्या भावंडांचे रक्त जरूर तपासावे. जुळणारा दाता घरातच सापडू शकतो.

१९५७ साली मुंबईत रक्तगटांसाठी संदर्भ केंद्र सुरू झाले. तेच आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून ओळखले जाते. या केंद्रातील संशोधकांनी १९७३ साली एक नवा अँटिजेन कळवला. मुंबईतील शंभरात साधारण तीन-चार जणांत तो सापडतो आणि त्याचे नावच इंडियन असे आहे. दुर्मिळ गटाच्या दात्यांची नोंदही ही संस्था ठेवते.

आता आमच्या त्या बाईकडे येऊ. तिच्या रक्ताचा नमुना मोठ्या केंद्रात पाठवला. आरएच म्हणजे नुसते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नाही, त्या कुटुंबात मोठा सी, छोटा सी, मोठा ई, छोटा ई अशाही खुणा आहेत. तिच्या पेशींवर छोटा सी नव्हता. चार बाळंतपणे आणि एक पिशवी यांतून कधीतरी छोटा सी असलेल्या पेशी तिच्या रक्तात शिरल्या होत्या आणि तिने त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केली होती. न्यूयॉर्कच्या त्या बाईचेच गणित, ऐंशी वर्षांनी, आपल्या जिल्ह्यात. छोटा सी नसलेले लोक आपल्याकडे दुर्मिळ नाहीत, दहांत साधारण चार-पाच असतात. पण कोण ते कळायला तपासलेले असायला हवे. आमच्याकडच्या एकाही पिशवीबद्दल ती माहिती नव्हती. पिशव्या मिळेपर्यंत दोन दिवस गेले. ते दोन दिवस ती बाई ऑक्सिजनवर बसून होती, कारण आडवे झाले की श्वास अडत होता. ती वाचली. त्या वेळी तिला प्रसूतीचा रक्तस्राव होत असता, तर दोन दिवस मिळाले नसते.

तिच्या बाबतीत क्रॉसमॅचने अडचण पकडली. प्रत्येक वेळी तसे होत नाही. अँटिबॉडी काही महिन्यांत इतकी कमी होते की तपासणीत दिसत नाही. शरीर मात्र तिला विसरत नाही. पुन्हा तीच खूण असलेले रक्त दिले, की काही दिवसांत अँटिबॉडी जोराने वाढते आणि दिलेल्या पेशी फोडून टाकते. रुग्णाला ताप येतो, कावीळ दिसते, लघवी गडद होते आणि वाढवलेले हिमोग्लोबिन पुन्हा खाली येते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि साधी कावीळ समजून झाडपाला सुरू होतो. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. सिकलसेलच्या काही रुग्णांनाही ते पुन्हा पुन्हा लागते. त्यांच्यासाठी प्रत्येक पिशवी ही अशी नवी जोखीम असते. म्हणून अशा मुलांना पहिली पिशवी लावण्याआधीच त्यांचे आरएच कुटुंबातील आणि केल अँटिजेन तपासून, शक्यतो तसेच रक्त द्यावे, असे तज्ज्ञ सांगतात.

हे रक्त आणायचे कुठून? इथे स्वेच्छेने, नियमित रक्त देणाऱ्याचे महत्त्व कळते. नातेवाईक म्हणून एकदा येऊन गेलेल्या बदली दात्याची ही तपासणी करून ठेवण्यात फारसा उपयोग नाही, तो पुन्हा येईलच असे नाही. नियमित दात्याचे तसे नसते. या खुणा जन्मभर बदलत नाहीत. चांगल्या प्रयोगशाळेत नीट झालेली तपासणी त्याच्या पुढच्या प्रत्येक पिशवीला उपयोगी पडते. तपासणीची रसायने महाग आहेत, सगळ्या दात्यांची तपासणी करणे आपल्या रक्तपेढ्यांना परवडणारे नाही. पण प्रत्येक तालुक्यात वर्षात दोन-तीनदा रक्त देणारे पन्नास-शंभर जण निवडून त्यांची तपासणी झाली आणि यादी झाली, तर आमच्या त्या बाईसारख्या रुग्णाला दोन दिवस ऑक्सिजनवर बसावे लागणार नाही. गेवराई, माजलगाव, परळी, आष्टी, केज, अंबाजोगाई, कुठल्याही गावातील शिबिराच्या मंडळाने रक्तपेढीशी बोलून हे काम अंगावर घेण्यासारखे आहे.

दात्यांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, एकाच मोठ्या दिवशी सगळ्यांनी गर्दी करण्यापेक्षा वर्षभर पाळीने यावे. पुरुषांना ९० दिवसांनी आणि महिलांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा असावे लागते. दुसरी, फोन नंबर बदलला तर रक्तपेढीला कळवावे. दुर्मिळ जुळणीचा दाता नोंदीत असतो, पण फोन लागत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

रुग्णांनी आणि घरच्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आधी कधी रक्त लागले असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगावे. किती बाळंतपणे झाली, गर्भपात झाला का, हेही सांगावे. आणि एखाद्या तपासणीत अँटिबॉडी निघाली असेल, तर तो कागद आधार कार्डासारखा जपावा, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, पुणे, कर्नाटकापर्यंत जातात. सहा महिने एका ठिकाणचा डॉक्टर, सहा महिने दुसऱ्या. कागद कोपीतच राहतो आणि अँटिबॉडी मात्र रक्तासोबत गावी येते.

त्या बाईला आम्ही एक जाड कार्ड करून दिले. गट, छोटा सी नसलेलेच रक्त द्यावे ही सूचना आणि रक्तपेढीचा फोन नंबर त्यावर लिहिला. भावाला ते नीट समजावून सांगितले. सुट्टी झाली त्या दिवशी त्याने स्वतः रक्त दिले आणि आपल्या पेशींवर छोटा सी आहे का, हे तपासायला लावले. त्याच्याही नव्हता. तेव्हापासून तो दर हंगामाला जाण्याआधी आणि परत आल्यावर, असा वर्षातून दोनदा येऊन रक्त देतो. त्याचा नंबर आमच्या रजिस्टरमध्ये पहिल्या पानावर आहे.